ठमाकाकीच्या गोष्टीला हुंकार

माझ्या हातून आजवर जितक्या गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, तितक्या महाडच्या बाजारात विकल्याही गेल्या नसतील. सगळ्या कॉम्प्युटरवरच्या. नवरा-नवरी सावकाश चालतायत, वरून पाकळ्या पडतायत, मागे हिंदी गाणं चालू आहे. बाजारपेठेत माझा स्टुडिओ आहे. पाटीवर ‘रत्न फोटो’ असं लिहिलंय, म्हणजे माझ्या बुद्धरत्न नावातलं निम्मं. लग्नं, बारशी, साखरपुडे, वीस मार्चला चवदार तळ्यावर येणाऱ्या माणसांचे सहकुटुंब फोटो, एवढ्यावर माझं बरं चाललंय. कलेबिलेचा मला सोस नाही. ज्यांना असतो ते दाढी वाढवतात आणि फोटो हलवून काढतात, असा माझा अनुभव आहे.

हे आधीच सांगून टाकलं, कारण मी आता आवडीचं कौतुक करणार आहे आणि कौतुक करायची मला सवय नाही. हवं तर माझ्या बायकोला विचारा.

आवडी सकपाळ. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, तिची करंजवाडी. बाप मुंबईत एका सोसायटीचा वॉचमन, आई भाताच्या खाचरात. नाव आजीचं ठेवलेलं. महाडच्या कॉलेजात पोरी नावाला हसायच्या, पण हिने बदललं नाही. उलट बातमीखाली पूर्ण नाव छापून यावं म्हणून संपादकाशी भांडली. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली ती पत्रकाराच्या ओळखपत्राचा फोटो काढायला. मी सवयीप्रमाणे म्हटलं, “जरा हसा.”

तर म्हणाली, “दादा, तुम्ही ‘हसा’ म्हणता तेव्हा त्याच्या आधीचा चेहरा कुठे जातो?”

मी म्हटलं, “बाई, पासपोर्ट साइजमध्ये एवढं मावत नाही.” तेव्हा मात्र ती हसली आणि मी बटण दाबलं. तो फोटो अजून तिच्या ओळखपत्रावर आहे.

एका जिल्हा दैनिकासाठी ती बातम्या द्यायची. आमच्याकडच्या बातम्यांचं ठरलेलं असतं. पाऊस पडला की जनजीवन विस्कळीत, मंत्री आला की उत्साहाचे वातावरण, कोण गेलं की हळहळ व्यक्त. सुरुवातीला तीही तसंच लिहायची. मग एका पावसाळ्यात पूर आला. महाडकराला पुराचं कोणी काही शिकवायला नको, पण तो पूर पुरांचाही बाप होता. माझ्या स्टुडिओत पाणी छताला टेकलं. लोकांनी कधी न नेलेले जुने अल्बम, खोक्यातले फोटो, सगळ्याचा चिखल झाला. मी तो गाळ धुतला, माझ्या दुकानापासून समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत दोरी बांधली, आणि कपड्यांचे चिमटे लावून एकेक फोटो वाळत घातला.

बाकीचे पत्रकार येत होते आणि नुकसान किती ते विचारून जात होते. आवडी आली ती दोरीपाशी उभीच राहिली. दुपार गेली तरी हलेना. लोक हातात फावडी, अंगावर चिखल, असे रस्त्याने जात होते आणि दोरीखाली थबकून आपलं लग्न सापडतंय का बघत होते. दासगावचं एक जोडपं सकाळपासून बहिणीच्या घरातला गाळ उपसून वैतागलेलं. बाईला फोटो सापडला. नवऱ्याला खेचून दाखवत म्हणाली, “अवो, ह्यात तुमचे केस हायत!” आणि दोघं त्या घाणीत उभं राहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

आवडीने फक्त एवढंच लिहिलं. ‘दोरीवरची लग्नं.’ आकडा नाही, हळहळ नाही. दैनिकाने आतल्या पानावर खाली कोपऱ्यात छापलं, तरी लोकांनी ते कापून ठेवलं. मी फ्रेम करून काउंटरमागे लावलंय. त्यात माझं नाव आलंय म्हणून नव्हे. बरं, थोडं म्हणूनही.

पुढे पेपरची पानं कमी झाली आणि तिची जागा बोटभर उरली. एक दिवस येऊन म्हणाली, “दादा, तुमचा कॉलरचा माइक द्याल?”

“कुणाचं लग्न?”

“लग्न नाही. पॉडकास्ट करायचाय.”

“म्हणजे रेडिओच ना? फक्त पगाराशिवाय.”

“हो,” ती म्हणाली आणि माइक घेऊन गेली. मी टोमणा मारावा आणि तिने त्यातलं कामापुरतं उचलावं, असं आमचं जमलेलं आहे.

आता ठमाबाईंची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. करंजवाडीत ठमाबाई गोष्टी सांगायच्या. सगळी वाडी त्यांना ठमाकाकी म्हणते, मीही म्हणतो. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण गोष्टी इतक्या की वाडीला पुरून उरतील. तिकडे गोष्ट सांगायची वेळ म्हणजे वाल सोलायची. वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि मग बायकांनी गोल करून सोलायला बसायचं. हाताला काम असतं, कान मोकळे असतात. सांगणारी ठमाकाकी आणि हुंकार देणारा तिचा दीर कुशाबा. तो बाजूला पडवीत सुंभाचा दोर वळत बसायचा आणि तिच्या दर वाक्याला ‘हूं’ म्हणायचा. ती त्यांच्याकडची रीतच आहे. हुंकार आला की गोष्ट पुढे सरकते, नाही आला की सांगणारा तिथेच थांबतो. समोर कोणी हूं म्हणत नसताना जो बोलत राहतो तो एक तर खुळा, नाहीतर झपाटलेला.

ज्या पावसात महाड बुडालं, त्याच पावसात करंजवाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडली. साहेब आले, म्हणाले, वाडी हलवा. कुशाबा म्हणाला, हलूया. ठमाकाकी म्हणाली, देवीचं ठाणं सोडून मी नाय येत. कुशाबाने निम्मी घरं घेतली आणि खाली हायवेजवळ मिळालेल्या जागेत उतरला. जाताना ती त्याला बोलली, “देवीला टाकून जाणारा माझा कोण?” तोही तापट, म्हणाला, “मेलेल्यांना देवी काय करील?” झालं. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. दोन पावसाळ्यांनी भेग रुंदावली तेव्हा उरलेली घरंही खाली आली, सगळ्यात शेवटी ठमाकाकी. पण नव्या वाडीत दोन आळ्या झाल्या. रस्त्याच्या अलीकडे आधी आलेले, पलीकडे मागून आलेले. गणपती वेगळे, होळ्या वेगळ्या. आणि ठमाकाकीच्या गोष्टी बंद.

आवडीला पहिला भाग तिच्यावरच करायचा होता. इंटरनेटवरून ती शिकली होती की मुलाखत घेणाऱ्याने तोंड मिटून बसावं, फक्त मान हलवावी, म्हणजे आवाज स्वच्छ येतो. ती बसली मान हलवत. ठमाकाकी कोल्ह्याची एक लहानशी गोष्ट सांगायला लागली, ती दर वाक्याला अडायची.

“हायस ना गो?”

“आहे काकी.”

“मंग हूं का करत नायस?”

शेवटी आवडी हूं करू लागली आणि गोष्ट सुरळीत धावली. मग माझ्याकडे आली. माझ्या स्टुडिओत नवरीच्या मेकअपची खोली आहे, तिथे गाद्या-चादरी टांगून तिने आवाजाची खोली केली होती. तिथे बसून तिने आपले सगळे हूं एकेक करून कापले, जोड गुळगुळीत केले. मला ऐकवलं. मी म्हटलं, दुधासारखं झालंय. झालंच होतं तसं.

ती उत्साहाने नव्या वाडीत गेली आणि ठमाकाकीच्या ओट्यावर फोनवर लावलं. पलीकडच्या आळीतल्या बायका जमल्या. जरा वेळ ऐकून शेजारची बयाबाई म्हणाली, “ही कुणाला सांगत्ये?”

कोणीतरी फिसकन हसलं. ठमाकाकीचा चेहरा उतरला.

“बंद कर ते,” ती म्हणाली. “मी काय भुताला सांगत व्हते? एकलीच बडबडत्ये खुळ्यावानी! तू बसली व्हतीस ना माझ्या म्होरं? मंग कुठं गेलीस?”

दार लावून घेतलं. आवडी महाडला आली आणि माझ्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, “मी तिला एकटीला टाकलं, दादा.”

दुसरं कोणी असतं तर माफी मागून तो भाग सोडून दिला असता. मी तरी दिला असता. आवडीने गाद्यांच्या खोलीत बसून आपला एकेक हूं परत आणला. त्याच्याबरोबर कुकरची शिट्टी आली, कोंबडी आली, परातीत पडणारे वाल आले. मला ते कळकट वाटलं. तिने तसंच सोडलं, ठमाकाकीला ऐकवलं, आणि म्हातारीने एवढंच म्हटलं, “आता बसलेली दिसत्येस.”

तो भाग इंटरनेटवर गेला आणि मुंबईतून आवाजी निरोप सुरू झाले. करंजवाडीचा साहिल तिथे टॅक्सी चालवतो. त्याचा निरोप आवडीने मला चार वेळा ऐकवला. “आवडीताई, एकदम भारी! गाडी चालवता चालवता मीच हूं हूं करतोय. मागचा पॅसेंजर बोलला, भाई, किससे बात कर रहे हो? मी बोललो, काकीसे!”

पुढे तिने डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून माणसं बोलती केली. पाचाडची खानावळवाली, शिवथरचा गुराखी, कोण कोण. लोक तिच्यापाशी बोलतात याचं कारण तिचे प्रश्न नव्हेत. प्रश्न ती फार विचारतच नाही. तिचा हूं ऐका कधीतरी. घाबरलेल्याला धीर देणारा वेगळा, थापाड्याला ‘बरं बरं, चालू दे’ म्हणणारा वेगळा, आणि ज्याचं दुःख आता ओठांवर येतंय त्याच्यासाठी जवळजवळ श्वासाएवढाच. मी तीस वर्षं माणसांना ‘हसा’ म्हणतोय. ही पोरगी काहीच म्हणत नाही आणि माणसं उघडी होतात. मला याचा हेवा वाटतो, आणि अभिमानही, हे आता लपवत नाही.

मग तिला सिनेमाने झपाटलं. करंजवाडीची फिल्म. कॅमेरा अर्थात माझा.

“त्यात वाडीची गोष्ट पाहिजे,” ती म्हणाली.

वाडीची गोष्ट म्हणजे वाडी कशी वसली त्याची. ती ठमाकाकीलाच येते, आणि ती तिने कुशाबाशी बोलणं तुटल्यापासून सांगितली नव्हती. आवडीने विचारलं तर म्हातारी ताडकन म्हणाली, “ती नाय. त्या गोष्टीचा हुंकार भावजींचा.”

कारण त्या गोष्टीच्या शेवटी हूं चालत नाही. शेवटी सांगणारी एक प्रश्न विचारून थांबते आणि हुंकार देणाऱ्याने ‘हाय’ म्हणायचं असतं. ते ‘हाय’ आल्याशिवाय गोष्ट संपली असं धरत नाहीत. इतकी वर्षं ते कुशाबाच म्हणत आला होता.

आवडी रस्ता ओलांडून कुशाबाकडे गेली. तो दोर वळत होता. म्हणाला, “मला कोणी बोलवलं तर इचार करीन.” परत अलीकडून पलीकडे. ठमाकाकी म्हणाली, “ज्याला यायचंय त्याला वाट ठाव हाय.” दोन्ही घरांत जेमतेम एक रस्ता. मी आवडीला म्हटलं, यांचा नाद सोड, कोल्ह्याचीच गोष्ट घे. तर म्हणाली, “काकीला दम लागतो आता, दादा. ती गोष्ट गेली तर गेलीच.”

काय बोलली ते तिचं तिला ठाऊक, पण एके दिवशी ठमाकाकी तयार झाली. मी समोरच होतो.

“हुंकार कोण देल?” म्हातारीने विचारलं.

“मी देते, काकी.”

“आन् शेवटचा?”

“शेवटचं बघू.”

ठमाकाकीने तिच्याकडे रोखून बघितलं. “येक ध्यानात ठेव. परत खुळ्यावानी दिसले तर सगळ्या वाडीत हसं व्हईल माझं. मंग मी तोंड शिवून टाकीन. कायमचं.”

“तसं झालं तर मला दारात उभी करू नका,” आवडी म्हणाली. सहज म्हणाली नाही. ठमाकाकीचं दार म्हणजे तिचं बालपण होतं.

जुन्या वाडीत गोष्ट सांगायची असं ठरलं. मी ट्रायपॉड, दिवे, ड्रोन, सगळं लटांबर घेऊन चढलो. ठमाकाकी काठी टेकत, थांबत, पण माझ्या पुढे. ओसाड घरं, दारं-कौलं काढून नेलेली, अंगणात पुरुषभर गवत. मी ड्रोन काढला तर आवडी म्हणाली, “तो पिशवीतच राहू द्या, दादा.”

“अगं, वरून काय दिसेल इथून!”

“वरून घारीला दिसतं. मला काकीच्या समोर बसल्यावर दिसतं तेवढं पाहिजे.”

मी चिडलो, पण ठेवला. मग तिने ट्रायपॉडही नको म्हटलं. स्वतः ठमाकाकीसमोर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, कॅमेरा माझ्या गालाला लावून धरा. माझे गुडघे काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्यामुळे झालं असं की ठमाकाकी आवडीकडे बघून सांगू लागली आणि कॅमेऱ्यात ती थेट भिंगातून बघत होती. माइक एकच, तिच्या पदराला. तिने घरून मोड आलेले वाल फडक्यात बांधून आणले होते. ते परातीत ओतले आणि सोलत सोलत ती सांगू लागली. आवडी दर वाक्याला हळू आवाजात हूं देत होती. सगळं नीट चाललं होतं.

शेवट आला. ठमाकाकीने प्रश्न विचारला आणि थांबली.

आवडी गप्प.

मी गुडघ्याने तिला ढोसलं. हलली नाही. ठमाकाकी वाट बघत राहिली, भिंगाच्या आरपार. तिचे हात थांबले होते. बराच वेळ तसाच गेला. मग तिने मान खाली घातली आणि टरफलं गोळा करू लागली.

आम्ही उतरायला लागलो. ओढ्याजवळ म्हातारी पुढे गेल्यावर मी उसळलो. “एक शब्द म्हणायला काय झालं होतं तुला? बघितलंस तिचं तोंड?”

“बघितलं,” ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. “पण ते ‘हाय’ माझं नाही, दादा. मी म्हटलं असतं तर खोटं झालं असतं.”

पुढे ती माझ्याच कॉम्प्युटरवर फिल्म जोडत बसायची. कात्री कशी चालवायची ते मी दाखवलं. नंतर ती मलाच खोलीबाहेर काढायला लागली. मी खिडकीतून पाकळ्या हव्यात का विचारायचो आणि ती उशी फेकून मारायची.

फिल्म दाखवायची कुठे, तर तिने जागा निवडली नव्या वाडीतला रस्ता. पडदा म्हणजे जोडलेल्या दोन पांढऱ्या चादरी. एक टोक अलीकडच्या आळीतल्या खांबाला, दुसरं पलीकडच्या. दिवेलागण झाली तशी माणसं आली. दोन्ही आळ्यांची, पण आपापल्या बाजूला. मुंबईहूनही बरेच आले होते. मधला रस्ता मोकळाच. पुढे चटईवर ठमाकाकी, इस्त्रीचं लुगडं नेसून. कुशाबा आला नाही. आपल्या ओट्यावरच बसला, दोर हातात, पडद्याकडे अर्धी पाठ करून.

सुरू करण्याआधी मी हेडफोन कानाला लावून आवाज तपासला. ठमाकाकीची गोष्ट लावली. पहिलं वाक्य. पुढे शांतता. मी मध्येच कुठेतरी लावून बघितलं. पुन्हा शांतता. आवडीचा एकही हूं नव्हता. सगळे कापलेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला बाजूला ओढलं. “परत तेच केलंस? म्हातारीने तोंड शिवायची बोली केलीय, आणि तू तिला सगळ्या गावासमोर…”

“दादा, लावा.”

“नाही लावत!”

“लावा ना, दादा.” तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो गार पडला होता. म्हणजे तिलाही भीती वाटत होती. आणि तरी ती हे मुद्दाम करत होती. मी बटण दाबलं ते तिच्यावरच्या विश्वासाने, असं म्हणायला छान वाटेल. खरं म्हणजे लोक ओरडायला लागले होते.

आधी ओसाड वाडी आली, मग नव्या घरांत देव मांडणाऱ्या बायका, मग मुंबईच्या माणसांचे आवाज. लोक नावं घेऊन बोटं दाखवत होते. मग चादरीवर ठमाकाकी आली, परात मांडीशी, नजर थेट सगळ्यांवर.

“डोंगराच्या माथ्याला येक गाव व्हता,” ती म्हणाली आणि थांबली.

शांतता.

“त्या गावात दोन भाव ऱ्हायचे.”

पुन्हा शांतता. मागे कोणीतरी हसलं. चटईवरची ठमाकाकी ताठ झाली. तिने पदर ओढला, काठीकडे हात नेला. मी आवडीकडे बघितलं, ती ओठ दाबून उभी होती.

“येक दिस डोंगरानं कूस बदलली,” पडद्यावरची ठमाकाकी म्हणाली आणि बघत राहिली. वाट बघत राहिली.

“हूं,” बयाबाई म्हणाली.

तिच्याही नकळत आलं असावं ते, कारण तिने लगेच तोंडाला पदर लावला. पण ठमाकाकीचा काठीवरचा हात थांबला.

“धाकला बोलला, मी म्होरं जातो, जागा साफ करतो.”

“हूं,” आता पलीकडच्या आळीतून पाच-सहा आले.

“थोरला बोलला, मी मागं ऱ्हातो. देवीचा दिवा येकटा ठेवायचा नाय.”

“हूं,” अलीकडची आळीही आली. पोरंटोरं, मुंबईकर, सगळे. साहिलचा आवाज तर टॅक्सीच्या हॉर्नसारखा. प्रत्येक हूंला चादरीवर नेमकी तेवढीच जागा होती. तेव्हा मला कळलं की या पोरीने आपला आवाज कापून काय केलं होतं. तिने उठून जागा रिकामी करून दिली होती.

“धाकल्यानं मडक्यात इस्तव घेतला आन् उतरला. रानात पाऊस लागला.” हूं. “त्यानं मडकं पोटाशी धरलं.” हूं. “मागनं थोरला निघाला. काळोख पडला, त्याला वाट गावना.” हूं. दोन्ही आळ्यांचा हूं आता एकच येत होता. “थोरल्यानं वरनं हाक मारली.” हूं. “इचारलं, खाली इस्तव हाय काय रं?”

आणि ठमाकाकी थांबली.

कोणी बोललं नाही. पोरंसुद्धा गप्प. दोन्ही आळ्यांत प्रत्येकाला उत्तर पाठ होतं आणि ते कुणाचं आहे हेही ठाऊक होतं. चादरीवर म्हातारी हात थांबवून बघत होती. चटईवरची म्हातारी चादरीकडे बघत होती. मागे वळली नाही. मला वाटलं फिल्म अडकली. आवडीने ती शांतता जशी झाली होती तशी, पुरी, ठेवली होती.

ओट्यावर दोर खाली पडल्याचा आवाज झाला.

“हाय,” कुशाबा म्हणाला. आवाज बसका आला. मग पुन्हा, मोठ्याने, “हाय, वैनी. हाय.”

आणि चादरीवरच्या ठमाकाकीने मान खाली घातली.

डोंगरावर तो क्षण मी स्वतः टिपला होता. तेव्हा ती हरलेली दिसली होती. तीच मान, तेच वाल, एक सेकंद इकडेतिकडे नाही. पण आता तिने त्याचं उत्तर ऐकून ते पदरात घेतलं असं दिसलं. मी रडलो. कॅमेरावाल्याने रडू नये, भिंगावर वाफ धरते, पण कॅमेरा तेव्हा पिशवीत होता.

कुशाबा ओट्यावरून उतरला, मोकळ्या रस्त्याने चालत चटईपाशी आला आणि उभा राहिला. ठमाकाकीने वर बघितलं नाही. पदराने नाक पुसलं.

“लय उशीर केलात, भावजी,” ती म्हणाली. “वाल भिजत घातलेत. उद्या दुपारला दोर घिऊन या.”